तिसरं अर्थिंग

१

हाल्डिसच्या टोळीत काम करायचं म्हणजे ताकसुद्धा फुंकून प्यावं लागतं, अशी ओडमुंडची जुनी तक्रार होती. कंट्रोल रूमने लाइन बंद केल्याचं सांगितलं तरी हाल्डिस ती स्वतः तपासणार. तपासून झाली की दोन्ही टोकांच्या टॉवरांवर खालूनच, लांब काठीने, अर्थिंग लावणार. म्हणजे चुकून कोणी वीज सोडलीच, तर ती माणसात न शिरता तांब्याच्या जाड तारेवाटे मुकाट्याने जमिनीत जाईल. मगच त्या दोन अर्थिंगच्या मधल्या टॉवरवर माणूस चढणार. त्याबाहेर एक पाऊल टाकलं तर हाल्डिसशी गाठ.

त्यातही दोन गोष्टींत ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. ज्याने अर्थिंग लावलं त्यानेच ते काढायचं. दुसऱ्याच्या अर्थिंगला हात लावायचा नाही, मग तो आजारी पडो की रुसून घरी जावो. आणि वीज सोडण्याआधी प्रत्येकाने वॉकीटॉकीवर स्वतःच्या तोंडाने आपलं नाव घेऊन ‘खाली आलो’ म्हणायचं. हे नियम काही तिने काढलेले नव्हते. उत्तरेकडच्या तारवाल्यांचा हा बापजाद्यांपासूनचा रिवाज. हाल्डिस तो देवाधर्मासारखा पाळायची, एवढंच.

तो सगळा उन्हाळा ती तिघं स्कार्वॉय बेटाकडे जाणाऱ्या लाइनवर होती. बेटाला वीज नेणारी ही एकच लाइन. मागच्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने तारा तुटल्या आणि वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या माणसांना कोट-टोपी घालून जेवायला बसावं लागलं, तेव्हा कुठे वरच्या साहेबांना जाग आली. मग आल्या जाड तारा, तारा टांगायच्या काचेच्या नव्या चकत्या आणि सुरक्षेचे नवे निकष. काम संपेपर्यंत बेट डिझेलच्या जनरेटरवर चालत होतं, आणि तो जनरेटर दमेकऱ्यासारखा खोकत होता.

टॉवरवर चढायचा तो आस्लाक. हाल्डिसच्या बहिणीचा मुलगा. बहीण गेल्यावर हाल्डिसनेच त्याला वाढवलं, त्याच्या नाकाला रुमाल लावला, आणि पुढे नको नको म्हणत असतानाही तो तिच्याच धंद्यात आला. तो वर असेपर्यंत हाल्डिसच्या घशाखाली कॉफीसुद्धा उतरायची नाही. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण ओडमुंडला माहीत होतं. तो तिचा कप न विचारता शेगडीवर परत ठेवायचा.

त्या सकाळी हवा लख्ख होती. आस्लाक वर पोहोचला आणि वॉकीटॉकी खरखरली.

“मावशी, आज आपण अर्थिंग किती लावलीत?”

“दोन. खालचं माझं, वरचं ओडमुंडचं. का रे?”

“मग त्याच्या पलीकडच्या टॉवरवर कुणाचं लोंबतंय?”

२

दुर्बिणीतून हाल्डिसला ते नीट दिसलं. तीन तारांना तीन चिमटे, त्यांतून खाली येणारी जाड वायर. बांधणी इतकी सुबक होती की नवख्याला धडा म्हणून दाखवावी. फक्त वायरीवर कापडाचं वेष्टन होतं आणि चिमट्यांचे दांडे लाकडी. असलं सामान हाल्डिसने फक्त लहानपणी पाहिलं होतं.

“मागच्या ठेकेदाराने विसरलेलं असणार,” ओडमुंड म्हणाला.

“कंट्रोल रूमकडे वसंतातले फोटो आहेत. त्यांत काही नाही. मी आत्ताच विचारलं.”

“मग रेनडिअरने चढवलं. हल्ली ते फार शिकलेत.”

हाल्डिस हसली नाही. विसरलेलं अर्थिंग म्हणजे टाइमबाँबच. कधीतरी कोणीतरी वीज सोडणार आणि तिथे भडका उडणार. ते खाली यायलाच हवं होतं. पण ते लावणाऱ्यानेच काढायला हवं होतं, आणि लावणारा कोण ते ठाऊक नव्हतं. बराच वेळ ती टॉवरच्या पायथ्याशी डास मारत उभी राहिली. शेवटी तिने स्वतःची समजूत घातली, की जो माणूस इथे नाहीच त्याला नियम कसला लागू करायचा? आणि ओडमुंडला त्याचं अर्थिंग त्या टॉवरच्याही पलीकडे हलवायला लावून तिने आस्लाकला ते काढायला सांगितलं.

आस्लाक खाली आला. अर्थिंग त्याने गवतावर ठेवलं आणि हात पँटला पुसले.

“मावशी, याला ताजं ग्रीस आहे.”

“दिसतंय मला.”

“आणि दांडा हातात घेऊन बघ.”

तिने बघितला. वर बोचरं वारं होतं, लोखंड बर्फासारखं गार होतं, पण लाकडी दांडा कोमट होता. नुकताच कुणीतरी मुठीतून सोडावा तसा. ऊन लागलं असेल, ती म्हणाली. दांडा सावलीच्या बाजूला होता हे तिघांनाही माहीत होतं. ओडमुंडने ते सामानाच्या पत्र्याच्या खोलीत टाकलं आणि कुलूप लावलं.

३

दुसऱ्या दिवशी खोलीचं कुलूप जसंच्या तसं होतं आणि आत अर्थिंग नव्हतं. ते वर होतं. आणि आता पलीकडच्या टॉवरवर नव्हतं, तर त्यांच्या दोन अर्थिंगच्या मधे, ज्या टॉवरवर आस्लाक आज चढणार होता त्याच्या शेजारच्यावर.

हाल्डिस ओडमुंडवर उखडली. “चेष्टेला काही सीमा असते! किल्ली तुझ्याकडे होती!”

“मी?” ओडमुंडने पोटावर दोन्ही हात ठेवले. “हे घेऊन मी टॉवरवर चढलो तर पेपरात फोटो येईल, बाई. आईशप्पथ, मी नाही.”

तो खोटं बोलत नव्हता. पंचवीस वर्षांत ओडमुंडने तिला पुष्कळ छळलं होतं, पण अर्थिंगवरून चेष्टा त्याने कधी केली नव्हती. कुठलाच तारवाला करत नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिघं दगडांवर बसून पाव आणि तपकिरी चीज खात होती. वारा पडला होता. तेव्हा तो आवाज आला. टक्. मग थोडं थांबून पुन्हा टक्. लाकडी खांबावर चढताना बुटाच्या लोखंडी नखांचा होतो तो आवाज. प्रत्येक टक् आधीच्यापेक्षा थोडा वरून येत होता. मधेच कातडी पट्टा खांबावरून वर सरकवल्याची खरखर.

आस्लाकने चावणं थांबवलं. हाल्डिसने पहिल्यांदा आस्लाककडे पाहिलं, मग ओडमुंडकडे. दोघंही समोर बसलेले. या लाइनवरचे लाकडी खांब तिच्या जन्माआधीच कापून टाकले होते. झुडपांत त्यांचे बुंधे तेवढे उरले होते. डोंगरावर आता नुसतं लोखंड होतं, आणि लोखंडावर असा आवाज येत नाही.

“सुतारपक्षी,” ती म्हणाली.

“इथे झाड कुठाय?” आस्लाकने विचारलं.

ती कान देऊन ऐकत राहिली. भीती तर वाटतच होती. पण त्या आवाजात घाई नव्हती, खोडी नव्हती. एखादा जाणता माणूस आपलं काम नीट करत चढतो आहे, असा तो आवाज होता. हाल्डिसने आयुष्यभर अशा माणसांचे आवाज ऐकले होते आणि त्यांच्या भरवशावर आपली माणसं वर पाठवली होती. तिने त्या दिवशी ते तिसरं अर्थिंग काढायला लावलं नाही. राहू दे, म्हणाली. आपलं काम संपेपर्यंत त्याने कोणाचं वाईट होत नाही.

त्यानंतर ते रोज असायचं. रोज आस्लाकच्या टॉवरच्या आसपास. ओडमुंड जेवताना चिजाचा एक तुकडा दगडावर मुद्दाम ठेवून यायला लागला. “कोल्ह्यासाठी,” तो म्हणायचा. कोल्ह्याने तो कधी नेला की नाही, हे बघायला कोणी गेलं नाही.

४

लाइन कंट्रोल रूमला परत द्यायच्या दिवशी सकाळी हाल्डिसने सगळे टॉवर दुर्बिणीतून धुंडाळले. तिसरं अर्थिंग कुठेच नव्हतं.

“गेला वाटतं,” ओडमुंड म्हणाला. त्याने ‘गेलं’ म्हटलं नाही हे हाल्डिसच्या लक्षात आलं. तिलाही हायसं वाटलं, आणि का कोण जाणे, थोडं सुनंही.

दुपारी समुद्राकडून धुकं चढलं. बघता बघता टॉवर गिळून टाकले त्याने. हाल्डिस खालच्या टोकाला तिच्या अर्थिंगपाशी होती, ओडमुंड वरच्या टोकाला त्याच्या. आस्लाक मधल्या टॉवरवर शेवटचे बोल्ट आवळत होता. ओडमुंडच्या जागेवरून त्या टॉवरचा पायथा तेवढा दिसत होता.

तेवढ्यात कंट्रोल रूममधून बॉर्गनीचा आवाज आला. बॉर्गनी म्हणजे वीज सोडणारी-बंद करणारी बाई; तिच्यासारखं शांत माणूस हाल्डिसने पाहिलं नव्हतं. आज मात्र तीही अधीर होती.

“हाल्डिस, बेटावरचा जनरेटर बसला. पुरता बसला. वृद्धाश्रमात श्वासाच्या मशीनवर दोघं आहेत, बॅटरीवर चाललंय. अजून किती वेळ?”

“झालंच. माणसं खाली येतायत.” हाल्डिसने वॉकीटॉकी तोंडाशी धरली. “आस्लाक?”

उत्तर नाही.

“आस्लाक, खाली आलास का?”

नुसती खरखर. मग ओडमुंड बोलला. “त्याच्या वॉकीटॉकीची बॅटरी संपली असेल, सकाळीच कुरकुरत होती. मला दिसतोय तो. पायथ्याशी उभा आहे, हेल्मेट काढून. ए आस्लाक! ... हां, हात वर केला बघ त्याने.”

“नक्की तोच?”

“दुसरा कोण असणार, बाई? आपण तिघंच आहोत.”

हाल्डिसने क्षणभर डोळे मिटले. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय नाही, हा रिवाज. पण बेटावर दोन जीव बॅटरीवर होते आणि ओडमुंडला तो डोळ्यांनी दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदाच ती ऐकण्याऐवजी बघण्यावर विसंबली, तेही दुसऱ्याच्या. तिने आपलं अर्थिंग काढलं. ओडमुंडने त्याचं काढलं. “सगळे खाली,” ती बॉर्गनीला म्हणाली. “सोड.”

धुक्याच्या आत निळा उजेड फुटला आणि डोंगर फुटावा तसा आवाज झाला. मग सगळं एकदम शांत.

“हाल्डिस,” बॉर्गनी म्हणाली, “वीज सोडताक्षणी लाइन ट्रिप होऊन बंद पडली. तुमच्या तिथे अजून एक अर्थिंग आहे.”

आणि त्या शांततेत, वॉकीटॉकीवरून नाही तर सरळ धुक्यातून, वरून, आस्लाकची हाक आली.

“मावशी! काय होतं ते? मी अजून वरच आहे!”

५

तो खाली उतरेपर्यंत हाल्डिस टॉवरच्या पायथ्याशी पळत पोहोचली होती. तिने त्याचे हात उलटेसुलटे करून पाहिले, चेहरा चाचपला, हेल्मेट काढून केसांत बोटं फिरवली, लहानपणी तो झाडावरून पडल्यावर फिरवायची तशी. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. ती ओल्या शेवाळावर बसली आणि मोठ्याने रडली.

“माझा हात तारेवर होता, मावशी,” आस्लाक म्हणाला. तो पांढराफटक पडला होता. “हत्यारांची पिशवी सोडवत होतो. माझ्या पाठीमागे कोणीतरी आलं. पट्ट्याचा आवाज आला, श्वास ऐकू आला. चिमटे लागले, एक, दुसरा, तिसरा, घाईघाईने. मला वाटलं, तूच वर आलीस. मी म्हटलंसुद्धा, ‘मावशी, एवढ्या धुक्यात कशाला चढलीस?’ आणि मग तो भडका उडाला.”

ओडमुंड धापा टाकत पोहोचला होता. त्याने ते ऐकलं आणि तो जागीच उभा राहिला.

“मग मी पाहिला तो कोण होता?” त्याचा आवाज चिरकला. “इथेच उभा होता. मी हाक मारली तर पंजा असा वर केला.” त्याने स्वतःचा हात वर करून दाखवला, आणि करता करताच त्याला कळलं. तळवा समोर, बोटं ताठ. “थांबा म्हणत होता, हाल्डिस. तो थांबा म्हणत होता आणि मी तुला सांगितलं...”

“तू सांगितलंस, पण मी ऐकलं,” ती म्हणाली. “चूक माझी आहे. साहेबांना सगळं कळवते. आधी लाइन.”

वर, धुक्याच्या कडेला, कापडी वायर लोंबत होती. तिचं कापड अजून धुमसत होतं.

“मी काढून आणतो,” आस्लाक म्हणाला.

“नाही. एकदा त्याचं काढलं ते पुरे झालं. ज्याने लावलं तोच काढेल. तुम्ही दोघं गाडीत जाऊन बसा. कॉफी गरम करा. आणि ओडमुंड, गाडीत बसलास की नाव सांग. तूही, आस्लाक. त्याच्या वॉकीटॉकीवरून.”

ते गेले. काही वेळाने दोन्ही आवाज आले, एकामागून एक, स्वतःच्या तोंडाने. हाल्डिसने आयुष्यात काही इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं. मग तिनेही आपलं नाव घेतलं.

६

मग ती एकटी उरली. धुकं इतकं दाट की टॉवरचा तिसरा दांडाही दिसेना. बॉर्गनीने पुन्हा कळवलं, बॅटऱ्या अजून थोडा वेळ टिकतील, पण फार नाही. हाल्डिसने फक्त ‘थांब’ म्हटलं.

आपण वेड्यासारखं वागतो आहोत असं तिला वाटलं. अर्थिंग लावणारा कोणीतरी जिवंत माणूस असेल. दुसऱ्या टोळीचा, एखादा निवृत्त तारवाला, डोकं फिरलेला. असेल. पण असला तरी तो वर होता, आणि तो खाली यायला हवा होता.

“मी हाल्डिस,” ती वर पाहून म्हणाली. “या टोळीची मुख्य मीच. तुम्ही आज माझं लेकरू वाचवलंत. त्याला मी जन्म दिला नाही, पण माझं तेच एक आहे.” ती एक पाऊल पुढे सरकली. “पहिल्या दिवशी मी तुमचं अर्थिंग काढायला लावलं. तुम्ही वर असताना. माफ करा मला. काम झालंय. आता खाली या.”

बराच वेळ काहीच झालं नाही. मग वर चिमटा सुटल्याचा आवाज आला. मग दुसरा. तिसऱ्याला वेळ लागला. तो वितळून चिकटला असावा. वरून दोरी आली, तिच्या टोकाला अर्थिंग, आणि हाल्डिसने ते सवयीने दोन्ही हातांनी झेललं. दांडा कोमट होता.

टक्. टक्. लोखंडाच्या टॉवरवर लाकडाचा आवाज खाली येऊ लागला. जवळ, आणखी जवळ. पळून जावं असं पायांना वाटत होतं. तिने पायांना जागेवर ठेवलं.

धुक्यातून आधी बूट आला, जुन्या कातड्याचा, लोखंडी नखांचा. मग हात. दांड्याला धरलेला हातमोजा तळव्यापाशी जळून गेला होता आणि आत जे होतं ते हाल्डिसने पाहिलं. लगेच तिने मान खाली घातली. शेवटच्या दांड्यावरून उतरताना दमलेला माणूस खालच्याच्या खांद्याचा आधार घेतो. तिने खांदा पुढे केला. त्यावर भार आला. खऱ्या माणसाचा, पूर्ण भार. जळक्या कापडाचा वास आला.

“हाल्डिस,” बॉर्गनी म्हणाली, “लाइन मोकळी झालेली दिसतेय. सोडू?”

“नाही.”

“बॅटऱ्या...”

“माहीत आहे मला. एकाच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही.” तिने वॉकीटॉकीचं बटण दाबून धरलं आणि ती खांद्याच्या बाजूला, जमिनीकडे बघतच, वर उचलली. “नाव सांगा,” ती म्हणाली. “तुम्ही वर असताना तुम्हाला न विचारताच कोणी वीज सोडली असेल. मी विचारतेय. तुमच्याशिवाय मी वीज सोडणार नाही.”

तिच्या कानाशी कोणीतरी श्वास आत घेतला. घशात कित्येक वर्षं पडून राहिलेला असावा असा तो आवाज होता. त्याने नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मग थांबला. पुढचे दोन शब्द त्याला जमत नव्हते. हाल्डिसने बटण सोडलं नाही.

“खाली आलो,” तो म्हणाला.

मग बॉर्गनीने आपल्या नेहमीच्या शांत आवाजात रिवाजाप्रमाणे सगळी नावं परत वाचली. ओडमुंडचं, आस्लाकचं, हाल्डिसचं. चौथं नाव तिने जरा सावकाश, पण आडनावासकट, नीट म्हटलं.

“सगळे खाली,” बॉर्गनी म्हणाली. “सोडतेय.”

वर धुक्यात तारा गुणगुणू लागल्या. खांद्यावरचा हात अजून तिथेच होता. हाल्डिसने आपला हात वर नेऊन त्यावर ठेवला, आणि डोळे मिटून, तो स्वतःहून जाईपर्यंत उभी राहिली.